दार लावून बसलेले वाचनालय कोणासाठी?

सीमाभागातील मराठी वाचनालयांनी समाजमाध्यमांवर जावे की जाऊ नये, हा प्रश्न आता निकालात निघाला आहे. बहुतेक वाचनालये तेथे कधीच जाऊन बसली आहेत. कोणाचे फेसबुकवर पान आहे, कोणाचा व्हॉट्सॲपवर गट आहे, कोणी उत्साहाने इन्स्टाग्रामवर खाते उघडले आणि पहिल्या तीन छायाचित्रांनंतर विसरून गेले. प्रश्न उरतो तो एवढाच, की ही वाचनालये तेथे करतात काय?

आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील आणि अलीकडे-पलीकडे असलेल्या वाचनालयांची अशी पाने सवडीने पाहत आलो आहोत. त्यांवर काय दिसते? अध्यक्षांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. कार्याध्यक्षांच्या हस्ते पाहुण्यांना शाल आणि श्रीफळ. पाहुण्यांच्या हस्ते कार्याध्यक्षांना शाल आणि श्रीफळ. दीपप्रज्वलन. पुन्हा एक वाढदिवस. मधूनच एखाद्या दिवंगत साहित्यिकास भावपूर्ण श्रद्धांजली, तीही दुसऱ्या कोणी तयार केलेल्या चित्रातून उचललेली. गटात सकाळी सूर्योदय आणि सुविचार, रात्री चांदणे आणि सुविचार. या साऱ्यात एक वस्तू शोधूनही सापडत नाही. ती वस्तू म्हणजे पुस्तक.

या महिन्यात कोणती नवी पुस्तके आली? कोणते जुने पुस्तक बांधणी करून पुन्हा कपाटात लागले? वर्गणी किती, अनामत किती, देवघेव विभाग किती वाजता उघडतो, मुलांसाठी वेगळी वर्गणी आहे काय? दिवाळी अंकांची योजना कधी सुरू होणार? वाचकाला हवी असलेली एकही गोष्ट पानावर नाही आणि पदाधिकाऱ्यांना हवी असलेली एकही गोष्ट चुकलेली नाही. वाचनालयाने वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी घेतलेले साधन कार्यकारिणीने स्वतःचा आरसा म्हणून वापरले, असा आमचा स्पष्ट आरोप आहे. हा आरोप आम्ही कोणा एका संस्थेवर करीत नाही. तो एका सवयीवर आहे, आणि ही सवय सीमाभागाला इतरांपेक्षा अधिक महाग पडणार आहे. ते कसे, हे पुढे सांगतो.

ही माणसे नव्या साधनांना कधी घाबरली नव्हती

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू. वाचनालय म्हणजे जुनी, संथ, परंपरा जपणारी संस्था आणि समाजमाध्यम म्हणजे नवे, उथळ, परके वारे, अशी मांडणी अनेक ज्येष्ठ सभासद करतात. इतिहास याला साक्ष देत नाही.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. त्याच वर्षी पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, सुरू झाले. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. या देशात प्रवाशांची आगगाडी धावली १८५३ मध्ये. म्हणजे या भागात वाचनालय आले ते आगगाडीच्या आधी. त्या काळी छापील नियतकालिक हे माध्यमच मुळी नवे होते. मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ १८३२ चे. बेळगावात वाचनालय सुरू झाले तेव्हा मराठी वृत्तपत्राचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. व्हॉट्सॲप २००९ चे आहे आणि फेसबुक २००४ चे. त्या पूर्वजांनी स्वीकारलेले साधन जितके कोवळे होते, तितके कोवळे तर आजचे हे साधनही राहिलेले नाही.

बडोद्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या ध्यानात आले, की अक्षरओळख झालेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर तो पुन्हा निरक्षर होतो. म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभे केले. त्या जाळ्यातील सर्वात साधी आणि सर्वात प्रभावी गोष्ट होती फिरत्या पेट्या. लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरायची, पेटी गावी पाठवायची, गावाने वाचून परत करायची. वाचक शहरातील इमारतीपर्यंत येऊ शकत नाही, हे गृहीत धरून त्या व्यवस्थेने पुस्तकांनाच पाय दिले. ज्यांच्या दारापर्यंत ती पेटी गेली त्यांना कोणी ‘आळशी वाचक’ म्हटले नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात अशी एक पेटी आहे. ती आपल्या खर्चाने त्याने विकत घेतली आहे, आणि दिवसातून अनेकदा तो ती उघडतो. तिच्यात आपण नारळ भरून पाठवतो आहोत.

‘वाचकाने यावे’ हा युक्तिवाद

प्रतिपक्षाचा पहिला युक्तिवाद असा, की ज्याला वाचायचे आहे तो येतोच. वाचनालयाने दुकानदारासारखी हाळी का घालावी? हा युक्तिवाद ऐकायला स्वाभिमानी वाटतो. तपासला की टिकत नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पुस्तके वापरासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढणारी, सजीव संस्था आहे, असा त्यांचा आशय. यातील तिसरा सिद्धांत आमच्या प्रतिपक्षाने पुन्हा एकदा शांतपणे वाचावा. पुस्तकाला वाचक मिळवून देणे हे रंगनाथन यांनी ग्रंथालयाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे, वाचकाचे नव्हे. कपाटात वीस वर्षे न हललेले पुस्तक हा त्या पुस्तकाचा दोष नसतो, आणि ज्याला ते पुस्तक तेथे आहे हेच ठाऊक नाही त्या वाचकाचाही नसतो.

शिवाय ‘यावे’ म्हणताना आपण कोणाला बोलावतो आहोत, तेही पाहावे. संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ निवृत्त पुरुषांची आहे. त्या वेळी उद्यमबागेतील कामगार पाळीवर असतो, घरातील स्त्री चुलीशी असते, मुले शिकवणीला असतात आणि मुलगी एकटी बाजारपेठेत येऊ नये असे घरच्यांना वाटत असते. गावाकडून येणाऱ्यास परतीची बस गाठायची असते. या माणसांना वाचन नको आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांना आपली वेळ नको आहे. पुस्तक राखून ठेवण्याची विनंती व्हॉट्सॲपवर पाठवता आली, आणि रविवारी सकाळी ते उचलता आले, तर यातील कितीतरी जण सभासद होतील. वाचकाचा वेळ वाचवावा, हा रंगनाथन यांचा चौथा सिद्धांत यासाठीच तर आहे.

‘मोबाइलनेच वाचन मारले’ हा युक्तिवाद

दुसरा युक्तिवाद अधिक भावनिक आहे. ज्या मोबाइलने वाचन बुडवले त्याच्याच दारात वाचनालयाने भीक मागायला जावे काय, असे विचारले जाते.

या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे, हे आम्ही नाकारत नाही. ही माध्यमे चालवणाऱ्या कंपन्यांचा नफा माणसाला पडद्याशी खिळवून ठेवण्यात आहे आणि पुस्तकाला हवी असलेली सलग एकाग्रता त्यांना परवडणारी नाही. परंतु यावरून निष्कर्ष काय निघतो? जेथे माणसे आहेत तेथून त्यांना उठवून पुस्तकाकडे आणणे, हेच तर काम आहे. चौकात गर्दी जमते म्हणून कीर्तनकाराने चौकाकडे पाठ फिरवली असती, तर आपली भाषा घराघरांत पोहोचलीच नसती.

हे काम नीट करता येते याचे दाखले आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा बेटांचा समूह आहे. वस्ती बावीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाएवढी. तेथील ग्रंथालयाची परंपरा १६८३ पर्यंत मागे जाते. या लहानशा ग्रंथालयाने ट्विटरवर मिश्किल, चटकदार आणि पुस्तकांशी घट्ट जोडलेले चार-चार ओळींचे लेखन सुरू केले. शेजारच्या शेटलंड बेटांवरील ग्रंथालयाशी त्याची चालणारी लटकी भांडणे जगभर वाचली गेली. बेटांच्या एकूण लोकसंख्येहून कितीतरी अधिक लोक त्या खात्याचे अनुयायी झाले. त्यासाठी त्यांनी जाहिरात संस्था नेमली नव्हती. एक विनोदबुद्धी असलेला कर्मचारी आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे व्यवस्थापन, एवढेच भांडवल होते.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१८ मध्ये वेगळा मार्ग घेतला. स्वामित्व हक्कातून मुक्त झालेल्या अभिजात कथा-कादंबऱ्या तिने इन्स्टाग्रामवर, तेथील ‘स्टोरी’ या प्रकारात, पाने उलटावीत तशा वाचता येतील अशा मांडल्या. आरंभ ‘ॲलिस इन वंडरलँड’ने केला. ज्या माध्यमावर सेल्फी टाकल्या जात होत्या, त्याच माध्यमावर लोक कादंबरी वाचू लागले.

आपल्याकडे असे करण्याजोगे काही नाही, असे म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे: आपल्या वाचनालयाच्या दाखल नोंदवहीची पहिली पन्नास पाने आपण शेवटची केव्हा उघडली होती?

कायदा काय म्हणतो

येथे वकील म्हणून आम्हाला काही गोष्टी नेमकेपणाने सांगणे भाग आहे. कारण या विषयात भीती आणि बेफिकिरी या दोन्हींचा सुकाळ आहे.

पहिली गोष्ट स्वामित्व हक्काची. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून साठ वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो. लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या, ज्ञानकोशकार केतकर १९३७ मध्ये. साने गुरुजींचे निधन १९५० चे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांना मोकळे आहे. हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी तर १९१९ मध्येच गेले. या साऱ्यांचे लेखन वाचनालय पूर्णपणे आपल्या पानावर देऊ शकते, त्याचे अभिवाचन ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर ठेवू शकते. कोणाची परवानगी लागत नाही. तरीही हे कोणी करीत नाही.

उलट जे करू नये ते मात्र बिनदिक्कत चालते. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. त्यांच्या साहित्यावरील हक्क २०६० च्या अखेरीपर्यंत आहे. तरी त्यांच्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती वाचनप्रेमींच्या गटांतून खुशाल फिरतात, आणि काही ठिकाणी वाचनालयाचे पदाधिकारीच त्या पाठवतात. हा गुन्हा आहे आणि कायद्यात त्यास कारावासाची शिक्षा सांगितली आहे. ग्रंथालयाजवळ असलेल्या पुस्तकाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवण्याची मुभा अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना २०१२ च्या दुरुस्तीने मिळाली आहे. ती मुभा जतनापुरती आहे, वाटपासाठी नाही. ज्या प्रकाशकाने सीमाभागात पुस्तक पाठवण्याचा तोटा सोसला त्याचेच पुस्तक फुकट वाटणे याला मराठीची सेवा म्हणत नाहीत. परीक्षणासाठी चार ओळी उद्धृत करणे, मुखपृष्ठ दाखवून पुस्तकाची ओळख करून देणे, यांना मात्र कायद्याची आडकाठी नाही.

दुसरी गोष्ट खासगीपणाची. कोणता सभासद कोणते पुस्तक नेतो, हे त्याचे आणि ग्रंथपालाचे गुपित आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये निर्विवादपणे सांगितले. असे असता थकबाकीदारांची नावे आणि त्यांनी परत न केलेली पुस्तके गटात जाहीर करणे हा कसला कारभार? व्हॉट्सॲपच्या गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. अनेक महिला सभासद केवळ या कारणाने गटातून बाहेर पडतात आणि आपण म्हणतो, ‘बायका वाचत नाहीत’. याला पर्याय आहे. व्हॉट्सॲपचे ‘चॅनेल’ २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे. त्यात अनुयायांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत आणि सुविचारांचा पाऊसही पडत नाही. मुलांची छायाचित्रे टाकतानाही तारतम्य हवे. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घालतो. बालवाचक स्पर्धेच्या प्रवेशपत्रावर संमतीची एक ओळ छापणे अवघड नाही.

तिसरी गोष्ट भीतीची. ‘गटात कोणी काही आक्षेपार्ह लिहिले तर गटचालक म्हणून आम्ही तुरुंगात जायचे काय?’ हा प्रश्न सीमाभागात विनोदाचा नाही. येथे एका वाक्यावरून वातावरण तापते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले, की समान हेतू अथवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर केवळ गटचालक आहे म्हणून त्यास दुसऱ्याच्या मजकुराबद्दल जबाबदार धरता येत नाही. तरी शहाणपण यातच आहे, की वाचनालयाचे माध्यम एकमार्गी ठेवावे आणि वाचकांच्या प्रश्नांना स्वतंत्रपणे उत्तरे द्यावीत.

सीमाभागाचे वेगळे कारण

पुण्यातील वाचनालयाने समाजमाध्यम नीट वापरले नाही तर त्याचे काही सभासद कमी होतील. आपण ते नीट वापरले नाही तर आपली एक पिढी हातची जाईल. हा फरक आहे.

आपल्या घरांतील मुले आज मोठ्या संख्येने इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी त्यांची घरची भाषा आहे. शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी लिपीही पुष्कळांना येते. म्हणजे भाषा येते, लिपी येते, तरी मराठी पुस्तक त्यांच्या हाती कधीच पडत नाही, कारण शाळा ते देत नाही आणि वाचनालय ते सांगत नाही. ही मुले एकमेकांना मराठीतच संदेश लिहितात, पण रोमन अक्षरांत. दोन पायऱ्या चढलेल्या मुलाला तिसऱ्या पायरीवर हात द्यायला आपल्याकडे कोणी नाही, आणि आपण भाषणात मात्र अस्मितेचे नगारे बडवतो.

म्हणून वाचनालयाच्या प्रत्येक पानावर मराठी मजकूर देवनागरीत आणि युनिकोडमध्येच असला पाहिजे. हा आग्रह तांत्रिक वाटेल, पण तो भाषेच्या अस्तित्वाचा आहे. आज बहुतेक वाचनालयांची निवेदने चित्ररूपात असतात: जुन्या टंकात अक्षरजुळणी केलेले, फुलापानांच्या चौकटीतले एक चित्र. चित्रातील अक्षरे शोधयंत्राला सहजी सापडत नाहीत, दृष्टिहीन वाचकाच्या मोबाइलला नीट वाचून दाखवता येत नाहीत. तेच चार ओळींत साध्या मजकुरात लिहिले, की पुस्तकाचे नाव शोधणाऱ्या मुलाला आपल्या गावचे वाचनालय सापडते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. अभिजात भाषेच्या शंभर-दीडशे वर्षांच्या ग्रंथसंग्रहाची यादी आजही कसर लागलेल्या वहीत आहे, याची लाज कोणाला वाटणार?

दुसरे असे, की आपल्याजवळ जगाला सांगण्याजोगे पुष्कळ आहे. १९४६ चे मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरले, माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तेथे झाला. आजही कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी येथे गावकरी आपल्या वर्गणीतून साहित्य संमेलने भरवतात. महाराष्ट्रातील नामवंत वक्ते तेथे येतात, तास-दीड तास बोलतात आणि मांडव उतरला की ते शब्द विरून जातात. जवळच्या वाचनालयाने ती भाषणे ध्वनिमुद्रित करून, वक्त्याच्या लेखी संमतीने, त्याच्या पुस्तकांच्या नोंदीसह प्रसिद्ध केली, तर दहा वर्षांत सीमाभागाचा एक बोलता ग्रंथसंग्रह उभा राहील. हैदराबादेत १९२२ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, गोवा येथे मराठी वाचक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या बेटांना एकमेकांचे काही कळत नाही. त्यांच्यात रोज ये-जा करणारी नाव आज फुकट उपलब्ध आहे.

कानडीशी भांडण नाही, हक्काचा प्रश्न आहे

मराठीचा आग्रह धरला की कोणीतरी तो कानडीद्वेष ठरवतो. अण्णा, अक्का, भाकरी, अडकित्ता हे शब्द ज्या भाषेने दिले असे आपण शाळेत शिकलो, तिचा द्वेष आम्ही काय करणार? उलट कर्नाटकाच्या सार्वजनिक ग्रंथालय विभागाने २०२० मध्ये डिजिटल ग्रंथालय सुरू केले, ते पाऊल अनुकरणीय आहे असेच आम्ही म्हणू.

परंतु हक्क तो हक्क. कर्नाटकाच्या १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली घरपट्टीवर ग्रंथालय उपकर घेतला जातो, रुपयामागे सहा पैसे. तो उपकर मराठी माणूसही भरतो. आपली घरपट्टीची पावती काढून पाहावी. ज्या ग्रंथालयासाठी आपण कर देतो त्यात मराठी पुस्तके किती, आणि त्याची माहिती मराठीत मिळते काय, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५, कलम ४ पोटकलम (४) सांगते, की माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील संपर्काचे सर्वात परिणामकारक साधन विचारात घ्यावे. आणि प्रसाराच्या साधनांत कायद्याने इंटरनेटचाही उल्लेख केला आहे. ज्या स्थानिक क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के वा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे तर १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेपासून मान्य झालेले तत्त्व आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २९ आपली भाषा आणि लिपी जतन करण्याचा हक्क देतो.

मात्र न्यायाच्या दारी जाणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. शासकीय ग्रंथालयाने मराठीत माहिती द्यावी अशी मागणी आपण करू, आणि आपल्याच मराठी वाचनालयाच्या पानावर नव्या पुस्तकांची यादी नसेल, तर समोरचा अधिकारी आपल्याला काय म्हणेल? रस्त्यावरच्या फलकावरून येथे वाद होतात. मोबाइलच्या पडद्यावर चार मराठी ओळी लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. जेथे अडवणूक आहे तेथे आपण लढतो. जेथे कोणीच अडवत नाही तेथे आपण झोपलो आहोत.

ठरावाचा मसुदा

टीका करून थांबणे आम्हाला मान्य नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणत्याही सभासदाने मांडावा असा एक ठराव आम्ही येथे देत आहोत. भाषा जाणीवपूर्वक साधी ठेवली आहे.

एक: वाचनालयाच्या समाजमाध्यमांची जबाबदारी ग्रंथपाल आणि तिशीच्या आतील दोन सभासद यांच्याकडे राहील, पदाधिकाऱ्यांचे वाढदिवस, सत्कार व राजकीय मजकूर प्रसिद्ध केला जाणार नाही.

दोन: दर आठवड्यास नव्या पुस्तकांची यादी आणि संग्रहातील एका जुन्या पुस्तकाची दहा ओळींची ओळख देवनागरी युनिकोड मजकुरात प्रसिद्ध केली जाईल, वेळ, वर्गणी व अनामत यांची माहिती कायम ठळकपणे दिसेल.

तीन: पुस्तक राखून ठेवण्याची आणि मुदत वाढवण्याची विनंती मोबाइल संदेशाने स्वीकारली जाईल व त्यास दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत उत्तर दिले जाईल.

चार: महिन्यातून एकदा, हक्कमुक्त साहित्याचे शालेय मुलांनी केलेले अभिवाचन पालकांच्या लेखी संमतीने प्रसिद्ध केले जाईल.

पाच: हक्क असलेल्या पुस्तकांच्या प्रती वाटल्या जाणार नाहीत, सभासदांचे क्रमांक व त्यांच्या वाचनाची नोंद कोणासही दिली जाणार नाही.

सहा: या माध्यमांतून किती नवे सभासद झाले आणि किती पुस्तके बाहेर गेली, याचा हिशेब वार्षिक अहवालात दिला जाईल. पसंतीचे अंगठे किती आले, याचा दिला जाणार नाही.

या ठरावाला पैसा लागत नाही. एक बऱ्यापैकी मोबाइल, आठवड्यातले तीन तास आणि स्वतःचे छायाचित्र छापून येण्याचा मोह आवरण्याची तयारी, एवढेच लागते. तिसरी गोष्ट सर्वात अवघड आहे, हे आम्ही जाणून आहोत. म्हणूनच ती कार्यकारिणीच्या सद्‌बुद्धीवर न सोडता सभासदांनी ठरावाने बांधून घ्यावी. वाचकहो, आपण वर्गणी भरता. प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार आपला आहे. पुढच्या सभेत चहा-बिस्किटे येण्याआधी उठून उभे राहा आणि हा मसुदा वाचून दाखवा.